आवंढ्याएवढा वेळ

सिल्लामॅच्या तांत्रिक शाळेत, तिसऱ्या मजल्यावर,
खिडकीबाहेर आखात शिशाच्या रंगाचं
आणि खिडकीआत खरंच शिसं, विटांवर विटा.
ताइसिया येगोरोव्ना आम्हाला मोजायला शिकवायची.

एक स्रोत ठेवा. बटणाएवढा, चिमट्यानं.
सेकंदाला चारशे शहात्तर.
आता त्याला केसभरही न हलवता
शेजारी दुसरा ठेवा. नऊशे नऊ.
आता पहिला काढा. उरलेला एकटा:
पुन्हा चारशे शहात्तर.

लेओनिदनं बेरीज केली, खोडली, परत केली.
नऊशे बावन्न यायला हवे होते.
त्रेचाळीस गेले कुठे?

"जातील कुठे? आले होते.
दार ठोठावून गेले.
नळी तेव्हा आवंढा गिळत होती."

पुस्तकात त्याला मृतकाळ म्हणतात.
तिला तो शब्द चालायचा नाही.
सेकंदाचा दहाहजारावा भाग, त्यात मरतं कोण?
एक कण आत येतो, नळीत ठिणगी पडते,
आणि ती विझून नळी सावरेपर्यंत
जो येईल तो आलाच नाही.

किरणांना रांग माहीत नाही.
बराच वेळ कुणीच नाही,
मग दोघं एकदम, एकाचा पाय दुसऱ्याच्या टाचेवर.
गळतो तो नेहमी हा मागचा.

एकदा जबर स्रोत लावून मी शंभर वाचनं घेतली.
सगळी सरासरीला चिकटून, वही कशी सुबक.
तिनं पानावर बोट ठेवलं.
"वर्गमुळाइतका तरी पसारा हवा होता.
हा निम्मासुद्धा नाही.
इतकं नीटनेटकं? बहिऱ्याची साक्ष अशीच असते."

मग, का कोण जाणे, रोदिओनचं सांगितलं.
तिचा नवरा. जुन्या कारखान्याच्या तळघरात
त्याच्या हातातलं यंत्र आधी कडकडलं,
दोन पावलांनंतर गप्प झालं. काटा शून्यावर.
मुकादम म्हणाला, शांत आहे, चला.

"शून्याचे दोन अर्थ असतात," ती म्हणाली.
"एक पाऊल मागे या. काटा वर चढला तर पळा."
आणि फळा पुसायला लागली,
जिथे काहीच लिहिलेलं नव्हतं तिथेही.

इस्पितळातून फोन आला तेव्हा
पहिलं वाक्य पोचलं.
डॉक्टर पुढे अकरा मिनिटं बोलत होते, असं मुलगी सांगते.
नोंद नाही.
चाळिसाव्या दिवशी ताटाभोवती माणसंच माणसं,
सगळे त्याच्याबद्दल काहीतरी चांगलं बोलत होते,
एकाचं संपायच्या आत दुसऱ्याचं.
त्यातलं एकही नाही.

दुरुस्तीचं सूत्र आहे. आम्हाला पाठ होतं.
मोजलेल्याला भागायचं, एक वजा, वगैरे.
किती हरवले ते निघतं.
कोणते, ते नाही.

गेल्या मार्चमध्ये तिच्या घरी गेलो.
टेबलावर तीच जुनी नळी, स्रोत कुठलाच नाही,
नुसती भिंतींची, आकाशाची, आमच्या हाडांची टिकटिक:
मिनिटाला बावीस, कधी सतरा, कधी एकोणतीस.
"बघ कसा पसारा," ती म्हणाली, जवळजवळ कौतुकानं.
इतक्या संथ चालीत जवळजवळ काहीच निसटत नाही.
जिन्यात वरची शेजारीण पिशवी खाली ठेवते,
श्वास घेते, पुन्हा उचलते.
ताइसिया येगोरोव्ना चहा ओतता ओतता थांबते
आणि ते पूर्ण ऐकते.