डावीकडून अठराशे सत्तर

तांडेलबाईंचा फोन आला सव्वाअकराला:
"खिडकी हरवली रे."
मला वाटलं, प्रेसच्या मागची, गटारावर उघडणारी,
जिचे गज गेल्या महिन्यात कुणी भंगारात नेले.
"ती नव्हे. आतली. जोडाक्षरांची."

खेतवाडी, अकरावी गल्ली, तळमजला.
शाई, रॉकेल, कापलेल्या कागदाची धूळ.
बारशाची आमंत्रणं नि तेराव्याची पत्रं
एकाच फळीवर, एकाच जाडीच्या कागदावर.
कोपऱ्यात बाई, चष्मा कपाळावर,
नाक पडद्यापासून वीतभर.

खालच्या पट्टीवर तक्त्याचं चिन्ह उजळलेलं.
टिचकी मारली की दबतं, उठतं,
आत माणूस आहे, चपला बाहेर आहेत,
दार तेवढं उघडत नाही.
"तीनदा बंद करून चालू केला,
एकदा तर मेन स्विचच पाडला."

काही बदललंत का, विचारलं.
त्यांनी आधी पंख्याचा वेग कमी केला.
मग म्हणाल्या, काल अक्षरं मोठी केली.
काना दिसतो, वेलांटी दिसते,
टिंब दिसत नाही आताशा.
परवा लग्नाच्या चारशे कार्डांवर
सावंतांचं सावत झालं.
मालक काही बोलले नाहीत.
चहा मात्र माझ्याआधी दुसऱ्यांना दिला.

एकोणीसशेवीसचा पडदा
त्यांनी एक हजार चोवीसवर आणला होता.
काच तेवढीच, चौकट तीच,
आतली जमीन निम्म्याहून कमी.
आणि प्रोग्राम पागडीतल्या भाडेकरूसारखा हट्टी,
काल बसलो तिथेच आज बसणार:
डावीकडून अठराशे सत्तर.
ती जागा आता पडद्यात नव्हती.
मोजलं असतं तर भिंतीवर आली असती,
कालनिर्णयाच्या खिळ्याच्या जरा अलीकडे.

म्हणजे हरवली नव्हती.
उघडीच होती, तिकडे.

माऊस सोडा, म्हटलं. तो तिथवर पोचत नाही.
ऑल्ट धरून स्पेस.
आता एम.
"कसला एम?"
मुंबईचा.
आता डावा बाण, दाबून ठेवा.
"काही दिसत नाही."
दिसणार नाही. दाबून ठेवा.
"किती वेळ?"
मलाही नक्की ठाऊक नव्हतं.

त्यांचं बोट त्या एका कळीवर,
नखाच्या कडेला निळी शाई,
आणि श्वास धरलेला, जसा
शेवटचा फर्मा मशीनवर चढताना धरत असतील.
उजव्या कडेतून आधी एक करडी रेघ,
मग शीर्षकाचा ज, त्याच्या मागून ओकार,
मग पहिली उभी ओळ: क्ष, ज्ञ, श्र,
तळाशी तो ङ, ज्याला वर्षात एखादंच गिऱ्हाईक.
"आला," त्या म्हणाल्या. खिडकीला आला म्हणाल्या.
एंटर.

उद्या पुन्हा तिकडेच उघडेल, मी सांगितलं,
नाहीतर अक्षरं परत बारीक करू.
त्यांनी नुसतं बघितलं.
मग मी सेटिंगची फाइल काढली,
अठराशे सत्तर खोडून चाळीस टाकलं.
"चाळीस कशाला? शून्य कर."
शून्यावर कडेला चिकटतं.
"चिकटू दे. मला जवळ हवं."
शून्य केलं.

तरी कळा त्यांनी चिठ्ठीवर उतरवल्या,
कटिंगच्या पट्टीवर, मार्करने,
ऑल्ट, स्पेस, एम, डावा बाण, एंटर,
एंटरवरचं टिंब मिऱ्याएवढं,
आणि पडद्याच्या चौकटीला डिंकाने चिकटवल्या.

पैसे मी घेतले नाहीत, तर
पाठकोऱ्या कार्डांचा गठ्ठा पिशवीत कोंबला.
अजून वाणसामान त्यावरच लिहितो.
तूरडाळ, साबण, काडेपेटी.
उलटलं की सावत कुटुंब
मला सहपरिवार बोलावतं,
मुहूर्त टळून गेलेल्या एका दुपारी,
बारा वाजून सात मिनिटांनी.