रकाना सात

हेड ऑफिसचा फॉर्म आला, गुलाबी.
रकाना सात: व्यवस्थापकास काम समजण्यास लागलेला कालावधी.
सगळ्यांना तोच प्रश्न, साहेबांनाही.
गोळा करून टाइप करायचं माझ्याकडे,
अंबडच्या टाइम ऑफिसात, पंच मशीनला लागून.

रिसबूड साहेबांनी लिहिलं: सहा आठवडे.
अक्षर टपोरं, खाली लांब शेपटीची सही.
त्यांच्या वरच्यांनी ठाण्याहून कळवलं:
पहिल्या दिवसापासून तयार.
डिस्पॅचच्या मोगलांनी: एक वर्ष,
दोन गाड्या कसाऱ्याच्या घाटात अडकेपर्यंत.
स्टोअरच्या नेरकर मॅडमनी: दीड वर्ष,
आणि समासात बारीक अक्षरात,
अजून गॅस्केटला वॉशर म्हणतात.
भट्टीवरच्या दगू खैरनारांचा रकाना कोरा.

विचारायला गेले तर चिमटा खाली न ठेवता म्हणाले,
"बाई, अठरा वरसं झाली मला या भट्टीला.
पावसाळ्यात अजून निराळीच वागती.
माझंच काय लिहू, ते सांगा आधी."

खरं तर माझ्या हजेरीबुकात सगळं आहे.
साहेब जुलैत आले.
ऑक्टोबरात गोडी छाटणी लागली,
दिंडोरीकडचे अकरा जण गायब,
अकरा मेमो निघाले. मीच टाइप केले,
कार्बन घालून.
दुसऱ्या ऑक्टोबरात नऊ मेमो
आणि गेटवर शिस्तीबद्दल एक भाषण.
तिसऱ्या वर्षी, सप्टेंबर संपताना,
साहेब माझ्या खिडकीशी येऊन उभे राहिले.
उगाच पंच मशीनवरची धूळ पुसली बोटानं.
"सोनजांबवाल्यांची छाटणी कधी धरलीय यंदा?"
पाळ्या त्या हिशेबानं लागल्या.
भट्टी एक दिवस थंड पडली नाही,
म्हणून कुणाच्या लक्षातही आलं नाही.

दोन वर्षं, दोन महिने, काही दिवस.
मी लिहिलं असतं.
पण मला फॉर्म आलाच नव्हता.
टाइम ऑफिसला वेळ कळते,
साहेब कळत असेल असं कुणाला वाटलं नसावं.

खाली छापलंय: सरासरी काढावी.
सहा आठवडे, शून्य, बारा महिने, अठरा.
कोरा रकाना धरायचा नाही म्हणे.
भागाकार केला. आठ महिने आले.

आठव्या महिन्यात साहेब काय करत होते?
आठवतं मला.
पाहुणे येणार, बरा दिसत नाही, म्हणून
भट्टीजवळचा पाण्याचा माठ
त्यांनी कँटीनच्या भिंतीला हलवला होता,
आणि खैरनार भर उन्हाळ्यात
एका ग्लासासाठी चाळीस पावलं चालायचे.

सोमवारी साहेब चाकणला जातायत.
"आठ महिने" टाइप करून मी कागद ओढला,
बाटली भरायला भट्टीकडे गेले.
माठ जुन्या जागी आहे,
खाली नवी लोखंडी तिवई.
तो परत कुणी आणला, कधी आणला,
मी विचारलं.
खैरनार म्हणाले, "पाणी प्या."