सतरा नंबरची गाडी

शेडमध्ये खिळ्याला तीन पुलर टांगलेत.
दिसायला तिन्ही नुसते लांब बोल्ट,
आटे मात्र वेगळे.
चुकीचा घातलात तर क्लचच्या पोटातले आटे पुसून जातात
आणि मग तो क्लच कुणाचाच राहत नाही.

म्हणून इनासने त्यांच्या डोक्यांना नेलपॉलिश लावलंय,
बायकोच्या बाटलीतलं:
एकाला लाल, एकाला गुलाबी.
तिसऱ्यापर्यंत बाटली संपली.
बिनरंगाचा तो जुन्या गाड्यांचा.

मी काकोड्याच्या आयटीआयमधून इथे बेतुलला आले
ती स्वतःच्या पैशाचा पुलर घेऊन,
तीन पायांचा, बेअरिंग काढायचा, चकचकीत.
पहिल्याच आठवड्यात त्याचे पाय क्लचच्या ताटलीला अडकवले
आणि आवळत गेले.
ताटलीचा चतकोर माझ्या बुटावर पडला.
इनास बोलला नाही काही.
तुकडा पुसून खिडकीत ठेवला त्याने.
अजून तिथेच आहे. आम्ही त्यात वॉशर ठेवतो.

सतरा नंबर म्हणजे धोब्याची गाडी.
सगळा पावसाळा समुद्राकडे तोंड करून उभी,
कुणी ताडपत्रीसुद्धा टाकली नाही.
पट्टा निघाला. मधला बोल्टही निघाला, कुरकुरत.
क्लच हलेना.

निमुळत्या शाफ्टवर निमुळतं भोक बसलेलं असतं,
ना खाच, ना चावी,
नुसती एकमेकांना धरून राहिलेली दोन लोखंडं.
मध्ये खारं वारं शिरलं की
ती आपलं नातं विसरतच नाहीत.

बिनरंगाचा घातला. अर्ध्यात वाकला, केळ्यासारखा.

मग कुंकळ्ळीला, उल्हास चारीच्या लेथवर.
कुटबणच्या जेटीवर मोडीत काढलेल्या ट्रॉलरच्या
इंजिनाचा एक बोल्ट त्याच्याकडे पडून होता.
चारीने जुन्या पुलरचे आटे गेजने मोजले,
परत मोजले,
मग मला मोजायला लावले.
लेथवरून उतरल्यावर लाल करून तेलात बुडवला.
"मऊ लोखंड पिळलं जातं बाये," म्हणाला,
"आणि फार कडक केलं तर तुटून आतच राहतं.
हे मधलं आहे. मधलं करायलाच वेळ लागतो."
दोनशे रुपये घेतले. पावती नाही.

आट्यांना ग्रीस, टोकाला ग्रीस.
मी हवेची गन उचलली तर इनासने नळीच काढून टाकली.
"हाताने. कुठे थांबायचं ते हाताला कळतं."
पाईप घालून पाना लांब केला,
आवळत गेलो दोघं,
गाडीचं बूड थोडं उचललं गेलं तिथवर.
मग बोल्टाच्या डोक्यावर पितळी हातोड्याचा एक घाव.
फक्त एक.
काही नाही.

मी दुसऱ्यासाठी हात उचलला.
"नको," इनास म्हणाला. "ताण तसाच राहू दे. घरी जा."
मला वाटलं, म्हातारा हरला.

रात्री दोनला बोस्त्यांव वॉचमनचा फोन:
"मॅडम, शेडीत कुणीतरी बंदूक मारली!"
मी अंथरुणात उठून बसले आणि हसत सुटले.
तो बिचारा बॅटरी घेऊन
झाडामागे उभा होता, पोलिसांना बोलवू का विचारत.

सकाळी क्लच शाफ्टवर होता तसाच,
पण सैल. बोटाने डुगडुगणारा, दुधाच्या दातासारखा.
शाफ्ट कोरड्या फडक्याने पुसला.
इथे तेलाचा थेंब नाही चालत,
इथे कोरडंच भेटायचं असतं.

चारीच्या पुलरला मी माझ्या बाटलीतला रंग लावला, मोरपंखी.
धोब्याला गाडी दिली दहा वाजता.
बोस्त्यांवचा कुत्रा मात्र अजून
सतरा नंबरला वळसा घालून जातो.