मृत समजण्याची मुदत

रात्री अडीच वाजता कास्त्रोच्या इस्पितळात
नवा स्विच बसवला. पोर्टचा दिवा हिरवा,
केबल धड, पत्ते बरोबर, एरिया शून्य.
शेजाऱ्यांची यादी मागितली
तर नुसती मथळ्यांची ओळ,
खाली कोणी नाही.

खाडीपलीकडे आचाओच्या दवाखान्यात
रोसालिंदो कार्कामो फोन खांद्याशी दाबून म्हणाला,
"माझीही कोरीच."

हाका चालू होत्या.
माझा स्विच दर दहा सेकंदांनी, त्याचा दर तिसांनी.
पोचतही होत्या, हे विशेष.
पोचत होत्या आणि
दारातच टाकून दिल्या जात होत्या.

डीबग लावलं तेव्हा दिसलं:
मृत समजण्याची मुदत. त्यांची एकशेवीस, आपली चाळीस.
या प्रोटोकॉलचा हट्टच आहे तो.
रस्ते नंतर, नकाशे नंतर,
आधी दोघांचं एकमत हवं
की किती वेळ ओ आली नाही
म्हणजे पलीकडचा गेला असं धरायचं.
तेवढं जमलं नाही
तर ओळखसुद्धा द्यायची नाही.

एकशेवीस कोणी घातले?
एवारिस्तो ओयार्सोने, रोसालिंदो म्हणाला.
तेव्हा फायबर नव्हती. टेकडीवर रेडिओची तबकडी,
वादळात डुलायची, मिनिट-मिनिटभर मुकी व्हायची.
वर्णनाच्या रकान्यात त्याने लिहून ठेवलंय,
शुद्धलेखनाच्या चुकांसकट:
"इथे वारा आहे. घाई करू नका."

म्हातारा आता होड्या रंगवतो.
आम्ही त्याला न विचारता चाळीस केले.
इनिट. टू-वे. एक्सचेंजवर जरा अडखळलं,
की माझाच श्वास.
मग फुल.
रोसालिंदोने जांभई देत फोन ठेवला.
वर्णनाची ओळ त्याने पुसली नाही,
पूस असं मीही म्हटलं नाही.

साडेसातला घरी पोचले, जुलैचा अंधार अजून होताच.
शेजारच्या दोन्या एदेलमिराच्या धुराड्यातून धूर नाही.
अकरा वर्षं आमची हीच हाक:
तिची चूल, माझी खिडकी.
काल होता का धूर? काल मी इस्पितळात.
परवा?
किती दिवसांनी काय समजायचं
हे आमच्यात कधी ठरलंच नव्हतं.

दार वाजवलं.
मोजत राहिले. दहा. वीस.
पत्र्यावरून पाणी ठिबकत होतं, तेही मोजलं बहुतेक.
चाळीसला थांबले नाही.

शहाण्णवला कडी निघाली.
"लाकडं ओली निघाली," म्हातारी म्हणाली,
"आणि गुडघे माझे आहेत, तुझे नव्हेत.
केवढ्यांदा वाजवतेस!
बूट बाहेर काढ."