चार विसा आणि चौदा

गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता
लिमोझच्या वाचनालयावरच्या खोलीत
आम्ही सातजण
तोंडात गुळणी धरल्यासारखा 'र' म्हणतो.
माझा पहिल्याच दिवशी बरोबर आला.
तो माझ्या घशात आधीपासून होता,
सामानात न दाखवता आणलेला.

मारिव्हॉन ही निवृत्त पोस्टवाली.
तीस वर्षं लोकांची पत्रं पोचवली,
आता वाक्यं पोचवते, सावकाश, दार वाजवून.
"सा व्हा?"
"सा व्हा."
प्रश्न तोच, उत्तरही तेच,
फक्त शेवटी आवाज खाली ठेवायचा,
पिशवी जमिनीवर ठेवावी तसा.
पहिल्या धड्यात
खरं काय ते कुणालाच सांगावं लागत नाही.

पुस्तकातल्या माणसांकडे सगळं असतं.
बहीण, छत्री, कुत्रा, शनिवारची तिकिटं.
हाब्तोमला वेगळं वाक्य हवं होतं:
"साहेब, मागच्या महिन्याचे अकरा तास राहिलेत."
मोनोआराला हवं होतं:
"इथे नाही, थोडं खाली दुखतं."
मारिव्हॉननं पुस्तक मिटलं,
दोन्ही वाक्यं फळ्यावर लिहिली.
आम्ही सगळ्यांनी पाठ केली ती,
ब्राझीलच्या वांडरलीनंसुद्धा,
ज्याचं कुठेच काही दुखत नाही.

लिंगं मला जमत नाहीत.
माझ्या भाषेत 'तो' आणि 'ती' एकच शब्द,
टेबलाला कुणी विचारत नाही, बाई की बुवा.
इथे सुरी पुरुष आणि काटा बाई,
म्हाताऱ्याचं ताट मांडताना रोज
दोघांची अदलाबदल होते माझ्या तोंडी.
त्याच्या मांजरालाही मी अजून अहो-जाहो करते.
चूक व्हायचीच असेल
तर अदबीच्या बाजूला झालेली बरी.

नोव्हेंबरात आकडे आले.
मारिव्हॉन फोन नंबर सांगत होती, दोन-दोनच्या जोड्यांनी.
"साठ," ती म्हणाली. सगळ्यांनी सहा लिहिला.
"सतरा," ती पुढे म्हणाली,
आणि सहाचा सात करताना पेनं वहीत रुतली.
हाब्तोमनं कपाळाला हात लावला.
सत्त्याहत्तर म्हणजे साठ-सतरा? ऐंशी म्हणजे चार-वीस?
या लोकांत सत्तराला स्वतःचं घरच नाही,
बिचारा साठाच्या ओसरीवर झोपतो!

मी हसत सुटले.
मी, नानुली, झुग्दिदीच्या हेझलनटच्या वखारीत
एकोणीस वर्षं वजनकाट्यापाशी उभी.
पोत्यामागून पोतं, आम्ही ओरडून सांगायचो:
तीन विसा नि सतरा! चार विसा! चार विसा नि दहा!
आम्ही असंच मोजतो,
हाताची बोटं संपली की पायांची.
इतक्या लांब
आणखी कुणी पायांची बोटं मोजतं
हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.
त्या दिवशी फळ्यापाशी जाऊन
मी सगळ्यांना नव्याण्णवपर्यंत नेलं.

आज औषधांच्या दुकानात
मुलीनं विचारलं, पेशंटचं वय?
एरवी मी चिठ्ठी पुढे करते.
आज चिठ्ठी खिशातच राहिली.
"कात्र-व्हँ-कातॉर्झ," मी म्हणाले,
चार विसा नि चौदा,
तो शेवटचा 'र' चांगला घासून.
तिनं मान वर न करता टाइप केलं.
बस, इतकंच.
मागच्या माणसानं खोकून पुढे सरकायला सांगितलं.

घरी मस्य लाब्रूस खिडकीशी बसले होते.
आयुष्यभर बशांच्या कडांना सोनेरी रेघ ओढलेला हात
आता पेला धरतानाही थरथरतो.
गोळ्या मोजून घेतल्या त्यांनी,
मग जिन्याच्या तीन मजल्यांनी धापा टाकणाऱ्या मला
रोजच्यासारखं विचारलं,
"सा व्हा?"

मी आवाज खाली ठेवला नाही.
"गुडघा," म्हणाले. त्यांनी हात नेला तिकडे पाहून म्हणाले,
"इथे नाही. थोडं खाली दुखतं."

मांजराला उठवून
त्यांनी दुसरी खुर्ची
माझ्याकडे पायानं सरकवली.