निरंक

फेब्रुवारीत इथली जमीन कुदळ घेत नाही.
मार्सेल म्हणतो, घाव घातला की ठिणगी उडते.
म्हणून थंडीत गेलेली माणसं
मे महिन्यापर्यंत विटांच्या खोलीत थांबतात,
कबरस्तानाच्या कडेला, ओळीने,
जशी जिवंतपणी थांबायची माझ्या खिडकीसमोर.

उत्तर ऑन्टारिओतल्या एका बंद कागदगिरणीच्या गावात
मी मदतीचे अर्ज भरून घेते. बावीस वर्षं.
भाडं, चष्मा, दात, हीटरचं तेल,
आणि सगळ्यांत खालच्या कप्प्यात
पिवळा अर्ज: दफनखर्च.

आमच्याकडून पेटी मिळते, पातळ लाकडाची, वर राखी कापड.
खड्डा मिळतो.
गाडी मिळते, पंचवीस किलोमीटरपर्यंत,
पुढचं अंतर ज्याचं त्याने बघावं.
फुलं नाहीत, नंतरची कॉफी नाही,
दगड तर नाहीच.
ॲल्युमिनियमची एक पट्टी, तिच्यावर आकडा,
गवत कापणाऱ्याला कळावं म्हणून.

हेल्वी रांतानेन, वय एकोणसाठ.
गिरणीच्या खानावळीत भांडी,
मग गिरणी गेली, मग गुडघे.
तिच्यासाठी आली ओदील ग्रावेल,
बुटांचा बर्फ दाराशी आपटत.
मयताशी नातं?
"भिंतीपलीकडची," ती म्हणाली.
"सकाळी तिचा नळ सुटला की मला कळायचं.
तीन दिवस सुटला नाही."
यासाठी अर्जात चौकट नाही.
मी 'इतर'वर खूण केली.

बँकेत एकशे बारा डॉलर.
वाहन निरंक. विमा निरंक.
दागिने निरंक. वारस निरंक.
हा शब्द माझा हात
झोपेतसुद्धा वळणदार लिहील.

मग ओदीलने पिशवीतून डबा काढला, कॉफीचा, गंजलेल्या झाकणाचा.
"पिठाच्या पिंपात होता. मी मोजले नाहीत.
पण सांगायला हवं ना?"

रबरात गुंडाळलेल्या विसाच्या नोटा.
खाली चिठ्ठी, फिनिशमध्ये.
आईबरोबर माझी ती भाषा संपली, तरी एक शब्द लागला:
किवी. म्हणजे दगड.
त्याखाली तिचं नाव, जन्मसाल, एक आडवी रेघ,
आणि रेघेपुढे मोकळी सोडलेली जागा.

नियम सांगते.
हा डबा जिवंतपणी कळला असता
तर दरमहाचा चेक मीच कापला असता.
आता कळला
तर खड्ड्याच्या पैशातून वजा.
माणूस मेल्यावरही स्वतःची थोडी परतफेड करू शकतो,
तशी सोय आहे.

दरवर्षी ती या खुर्चीत बसायची, कोट न काढता.
काही शिल्लक? मी विचारायची.
नाही, ती म्हणायची, सरळ डोळ्यांत बघून,
आणि मी बघायची कागदाकडे.

बाहेरून बर्फ ढकलणारं यंत्र गेलं. काचा थरथरल्या.
"डब्यात काय आहे?" मी विचारलं.
ओदील प्रामाणिक बाई. तिने तोंड उघडलं.
"कॉफी," मीच म्हणाले, आणि झाकण दाबून बसवलं.
जरा जोरात लागलं ते.

जूनमध्ये डासांतून वाट काढत गेले.
गुडघ्याएवढाही नाही, पण दगड.
अक्षरामागे पैसे घेतात.
आडनावापर्यंत पुरले नसावेत.
हेल्वी,
आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना साल.
पट्टी शेजारीच होती, आकड्यासकट,
कुणी काढली नव्हती.

ऑक्टोबरात ओदीलचा वार्षिक आढावा.
कोट न काढता बसली.
काही शिल्लक?
ती माझ्याकडे बघत राहिली, बराच वेळ.
"नाही."

कागद समोर ओढून
मी लिहिलं, नेहमीच्या वळणदार अक्षरात.