चार खिळ्यांची भोकं

नाताळ सरून दोनच दिवस झालेले.
तळ्यावरचा वारा दाराच्या फटीत शिट्टी वाजवत होता,
आणि रेडिओ म्हणाला: दहाचे पाच.
एवढंच. पुढे हवामान. उणे एकवीस.

मी डुलुथच्या वृद्धाश्रमात दाराशी बसते.
येणाऱ्याच्या कपाळावर यंत्र रोखायचं,
आकडा वहीत उतरवायचा, सही घ्यायची.
त्यामुळे या बातमीवर कोण काय बोललं
ते सगळं माझ्याच टेबलावरून गेलं.

मॅनेजर ग्लेनिस हसली, तीन आठवड्यांत पहिल्यांदा.
फळ्यावरच्या 'रजा'मधली पाच नावं ओल्या बोटानं पुसली,
'हजर'खाली लिहिली,
सुंठीवाचून खोकला गेल्यासारखी.

पाव आणणारा रस्टी म्हणाला,
"आधी का नाही सुचलं यांना?
ऑक्टोबरात माझा दहा दिवसांचा पगार कापला,
तो कापलाच."
आणि गेला, दार उघडं टाकून.

रात्रपाळीची व्हर्ना, कोट काढता काढता:
"माझ्या फुप्फुसांना कुणी कळवलंय का पण?"

दोनशे सातमधल्या बाईंची मुलगी ओरडली.
माझ्यावरच, कारण समोर मीच होते.
"माणसं कमी पडली की आजार लहान होतो होय?"
तिचं कपाळ: सत्त्याण्णव पूर्णांक चार.
लिहिलं. रागाला वहीत रकाना नाही.

नळ दुरुस्तीवाला म्हणाला, उद्या अडीचवर येतील बघा,
गिऱ्हाईक उठून जायला लागलं की भाव उतरतोच.

आर्व्हो लाहती, वय एक्क्याण्णव,
दुपारी वॉकर ढकलत आला.
मत वगैरे काही दिलं नाही.
म्हणाला, आमच्या दारावर नारिंगी पुठ्ठा होता.
आजाराचं नाव ठळक, चार कोपऱ्यांत चार खिळे.
सिल्वी मागच्या खोलीत.
आई तिची ताटली काठीनं आत सरकवायची.
वडील गोदीवर, लोखंडाच्या खनिजात; घरात यायची मुभा नाही.
पगाराच्या नोटा खिडकीच्या काचेला लावून दाखवायचे,
मग बर्फात दगडाखाली ठेवून जायचे.

किती दिवस? मी विचारलं.

आईनं मोजले असतील.
एक दिवस आरोग्यखात्याचा माणूस आला, पक्कड घेऊन.
सिल्वीची जीभ बघितली, तळवे बघितले,
जुनी कातडी सोलून नवी आली होती.
मग एकेक खिळा त्यानं स्वतः उपटला
आणि खिशात टाकला. आम्हाला हात लावायची बंदी.
भोकं राहिली.
घर विकेपर्यंत आईनं ती बुजवू दिली नाहीत.

"या वेळी खिळे कुणी काढले?"
मी म्हटलं, रेडिओनं.
त्यानं कानातलं यंत्र नीट केलं.
ऐकू आलं नसावं.

जानेवारीत मला झाला.
पहिले दोन दिवस आठवत नाहीत.
पाचव्या रात्री पट्टीवर दुसरी रेघ होती,
फिकट,
दिव्याखाली तिरकी धरली की दिसेल अशी.
म्हणून मी ती सरळ धरली.
ग्लेनिसचा फोन आला: उद्या सहाला ये, नियमात बसतं.
भाडं थकलेलं. मी हो म्हटलं.

सकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना
दोनदा बॉनेटवर टेकले.
मास्क दोन, एकावर एक.
टेबलाशी बसून यंत्र स्वतःच्याच कपाळावर रोखलं,
आकडा लिहिला, सही केली.

आर्व्हो नऊला आला.
माझ्याकडे बघितलं, वहीकडे बघितलं,
आणि रोजच्या जागेच्या
तीन फरश्या अलीकडेच वॉकर थांबवला.
हात वर केला.
मीही केला.
खोकला घशाशी आला होता. दाबून धरला,
तो वळून लिफ्टपाशी पोचेपर्यंत.
फार हळू चालतो तो.